आतड्याची जुनाट सूज: औषध कुठवर, ऑपरेशन केव्हा

माझा धाकटा भाऊ अमरावतीला जायचं असलं की आदल्या रात्रीपासून जेवायचा नाही. वलगावहून अमरावती ती केवढी! एसटीनं जेमतेम अर्धा तास. पण तेवढ्या वेळात संडासला लागलं तर काय, या धाकानं तो उपाशी राहायचा. दिवसातून आठ-आठ वेळा जावं लागे, आव पडे, रक्त पडे आणि घरात आम्ही सगळे त्याला मूळव्याध म्हणत होतो. कुणी पावडर आणून दिली, कुणी रस्त्यावरच्या बोर्डावरचा पत्ता दिला, एका दवाखान्यातून आवेच्या गोळ्यांचा कोर्स पाच वेळा झाला. दीड वर्षानं दुर्बिणीची तपासणी झाली तेव्हा मोठ्या आतड्याची डावी बाजू आतून सोलल्यासारखी निघाली. आजाराचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. हिमोग्लोबिन तोवर साडेसातावर आलं होतं.

ते दीड वर्ष दुसऱ्या कुणाचं वाया जाऊ नये, म्हणून लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. भावासोबत बारा वर्षं दवाखान्यांच्या बाकांवर बसले, डॉक्टरांना विचारत गेले, उत्तरं वहीत उतरवत गेले. औषधाची मात्रा तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण कोणत्या टप्प्यावर काय विचारायचं आणि कशासाठी थांबायचं नाही, हे रुग्णाच्या घरच्यांना ठाऊक असलं पाहिजे. या आजारात सगळ्यात जास्त नुकसान चुकलेल्या वेळेनं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मूळव्याध आणि हा आजार

मूळव्याधीचं रक्त बहुधा लालभडक असतं, शौच झाल्यावर वेगळं थेंब-थेंब किंवा धारेनं पडतं आणि माणूस एरवी धडधाकट असतो. आतड्याच्या सुजेत रक्त मळात आणि आवेत मिसळून येतं, मुरडा येतो, लागलं की थांबता येत नाही. महत्त्वाची खूण म्हणजे रात्री झोपेतून उठून जावं लागतं. वजन उतरतं, चेहरा पांढरा पडतो, कुणाला ताप येतो, सांधे दुखतात, डोळे लाल होतात, तोंड येत राहतं. असं चार आठवड्यांवर चाललं की 'पोट बिघडलं' म्हणत बसू नका. मळाची तपासणी, हिमोग्लोबिन, सीआरपी आणि शक्य असेल तर मळातली कॅलप्रोटेक्टिनची तपासणी करून घ्या. त्यानंतर दुर्बीण आणि तुकडा तपासणी. दुर्बिणीची भीती सगळ्यांनाच वाटते. खरा त्रास आदल्या दिवशी पोट साफ करायला जे औषध पाण्यात कालवून प्यावं लागतं त्याचा. प्रत्यक्ष तपासणीच्या वेळी गुंगी देता येते.

आजार दोन आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिस फक्त मोठ्या आतड्यात होतो. गुदाशयापासून सुरू होऊन वर चढतो आणि आतड्याचं आतलं अस्तर सोलतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही, तुकड्या-तुकड्यानं होतो. तो आतड्याच्या भिंतीत खोल शिरतो, म्हणून त्यात आतडं अरुंद होतं आणि भगंदराच्या वाटा पडतात. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते, एवढं नक्की. ती का उलटते याचं एक कारण सांगता येत नाही. तिखट खाल्ल्यानं हा होत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही आणि पूर्वजन्माचाही याच्याशी संबंध नाही. 'हा साहेबलोकांचा आजार' ही समजूतही जुनी झाली. २००३ साली लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात घरोघरी केलेली पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात लाख लोकांमागे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला होता.

टीबीचा पेच

आपल्या भागात एक मोठी अडचण आहे, ती परदेशी पुस्तकांत फारशी सापडत नाही. लहान आतडं जिथं मोठ्याला मिळतं तिथं टीबीही होतो आणि क्रोन्सही. दुर्बिणीत दोन्ही सारखे दिसतात, तुकडा तपासणीतही कैकदा उलगडा होत नाही. अशा वेळी डॉक्टर आधी टीबीची औषधं सुरू करतात आणि ते बरोबरच आहे. टीबी असताना क्रोन्सची औषधं दिली तर टीबी अंगभर पसरू शकतो.

पण टीबीची औषधं सुरू झाल्यावर 'पुन्हा दुर्बीण कधी?' हा प्रश्न तुम्हीच विचारा. दोन-तीन महिन्यांनी आतून पाहिलं तर टीबीच्या जखमा भरत आलेल्या दिसतात. क्रोन्सच्या जखमा तशाच राहतात. बरं वाटतंय एवढ्यावर भिस्त ठेवू नका, कारण क्रोन्सच्या रुग्णालाही टीबीच्या औषधांनी काही दिवस बरं वाटतं. आमच्या ओळखीच्या एका मुलीनं टीबीचे दोन कोर्स पुरे केले. नंतर आतडं अडलं आणि ऑपरेशनच्या टेबलावर क्रोन्सचं निदान झालं. पुन्हा दुर्बीण करा, असं तिच्या घरच्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तसंच आवेचं. अमिबाची आव आपल्याकडे अजून आहे. स्टिरॉइड सुरू करण्याआधी मळाची तपासणी झाली आहे ना, हे बघून घ्या.

गोळ्या, आणि ज्या गोळीची लाज वाटते ती

अल्सरेटिव्ह कोलायटिस सौम्य किंवा मध्यम असेल तर पहिलं औषध मेसालामाइन. त्याचं जुनं भावंड सल्फासॅलॅझिन, तेही चांगलं आणि स्वस्त आहे. त्यासोबत फॉलिक अॅसिड घ्यावं लागतं. त्यानं पुरुषांचे शुक्राणू कमी होतात, औषध बदललं की पुन्हा वाढतात. मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

सूज गुदाशयात किंवा डाव्या बाजूला असेल तर मेसालामाइन खालून द्यावं लागतं, वडी किंवा एनिमाच्या रूपात. जखमेवर थेट लागत असल्यानं ते तिथं नुसत्या तोंडी गोळीपेक्षा चांगलं काम करतं. पण आमच्याकडे हे सांगितलं की माणूस मान खाली घालतो आणि औषध कपाटात पडून राहतं. माझ्या भावानं तीन महिने घरात खोटं सांगितलं की घेतो म्हणून. रात्री झोपताना, डाव्या कुशीवर, एवढंच ते काम आहे. वऱ्हाडातल्या मे महिन्यात वड्या मऊ पडतात, त्या घरातल्या सगळ्यात थंड जागी ठेवा.

आजार शांत झाला तरी मेसालामाइन सुरू राहतं, वर्षानुवर्षं. ते बंद केल्यानं सहा-आठ महिन्यांत रक्त पुन्हा सुरू झालेली माणसं मी मोजायची सोडली. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना हाच आजार होता. २००७ मध्ये त्यांनी पद सोडलं, नव्या औषधानं आजार आटोक्यात आल्यावर २०१२ मध्ये परत आले आणि आठ वर्षं देश चालवला. २०२० मध्ये आजार उलटला तेव्हा पुन्हा पायउतार झाले. हा आजार लपून बसतो, निघून जात नाही. वर्षातून एकदा क्रिएटिनिन तपासून औषध चालू ठेवायचं.

स्टिरॉइडबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. आजार उसळला की प्रेडनिसोलोन देतात आणि आठवड्याभरात माणूस उठून बसतो. भूक लागते, गाल भरतात, घरचे म्हणतात, पोराची तब्येत सुधारली. ती सुधारलेली नसते. तो फुगवटा औषधाचा असतो. हे औषध आग विझवण्यापुरतं आहे, साधारण दोन महिन्यांत हळूहळू कमी करत थांबवायचं. ते आजार कायमचा काबूत ठेवत नाही. वर्षभर घेतलं तर हाडं ठिसूळ होतात, साखर चढते, मोतीबिंदू होतो. त्याउलट, मोठी मात्रा एकदम बंद करणंही धोक्याचं आहे. गाव सोडून लग्नाला गेलात आणि गोळ्या घरी राहिल्या, असं होऊ देऊ नका. मेडिकलवाल्याकडून जुन्या चिठ्ठीवर तीच गोळी पुन्हा-पुन्हा आणणं तर पूर्ण बंद करा. कसलं औषध आहे हे न सांगता दिलेल्या पुडीनं दोन दिवसांत जादू झाली, तर तिच्यातही स्टिरॉइड असू शकतं. वर्षात दोनदा स्टिरॉइड लागलं किंवा कमी करताच त्रास परतला, तर पुढच्या पायरीची वेळ आली असं समजा आणि तो विषय तुम्हीच काढा.

ती पायरी बहुतेकांसाठी अॅझाथायोप्रिन. याचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून पंधरा दिवसांत 'गुण येत नाही' म्हणून सोडू नका. मात्र यानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरू शकतात. आपल्या लोकांत एनयूडीटी-१५ या जनुकाचा एक बदल बऱ्यापैकी आढळतो, तो असेल तर पेशी फार झपाट्यानं पडतात. सुरुवातीलाच केस मूठभर गळायला लागले तर ती धोक्याची घंटा आहे. डॉक्टर मात्रा थोडीच सुरू करतात आणि पहिल्या दोन महिन्यांत दर पंधरवड्याला, नंतर दर तीन महिन्यांनी सीबीसी करायला सांगतात. ती तपासणी चुकवू नका. ताप आला, घसा दुखला तर त्याच दिवशी सीबीसी. गाऊटसाठी अॅलोप्युरिनॉल चालू असेल तर आधी सांगा, दोन्ही मिळून जिवावर बेतू शकतं. क्रोन्समध्ये कधी मेथोट्रेक्सेट देतात. ते आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. रोज घेतल्यानं माणसं दगावली आहेत. वार ठरवा आणि कॅलेंडरवर खूण करा. गरोदरपणात ते अजिबात चालत नाही.

इन्फ्लिक्सिमॅबसारखी जैविक इंजेक्शनं १९९८ पासून क्रोन्ससाठी वापरात आहेत. पहिला डोस, दोन आठवड्यांनी दुसरा, सहाव्या आठवड्याला तिसरा, मग दर आठ आठवड्यांनी. भारतीय कंपन्यांच्या औषधांमुळे किमती उतरल्या आहेत, तरी सामान्य घराला अजून जड जातात. सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि मॅन्टू किंवा रक्ताची टीबी तपासणी लागतेच, कारण दबून बसलेला टीबी यानं जागा होतो. अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी टोफासिटिनिब ही गोळीही आहे आणि ती पुष्कळ स्वस्त पडते. तिच्यासाठीही टीबीची तपासणी लागते, नागीण उठू शकते, रक्ताची गुठळी होण्याचा धोका असलेल्यांनी आणि बाळ हवं असलेल्या बायकांनी ती टाळायची. अडालिमुमॅब या जैविक इंजेक्शनाचं पेन फ्रिजमध्ये ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात नाही. उन्हाळ्यात अमरावतीहून आणताना बर्फाची थैली सोबत न्या आणि लाइट तासन्तास जात असेल तर ते कुठं ठेवता येईल हे मेडिकलवाल्याला आधीच विचारून ठेवा.

एक गोष्ट शेतात राबणाऱ्यांनी लक्षात ठेवा. कंबर दुखली म्हणून घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आजार उसळवू शकते. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल घ्या.

भरती व्हायची वेळ

दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्ताचं शौच, आणि त्यासोबत ताप, नाडी नव्वदच्या वर किंवा हिमोग्लोबिन साडेदहाच्या खाली यांपैकी काहीही असलं, तर ती दवाखान्यात भरती होण्याची अवस्था आहे. ही मोजणी ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी १९५५ मध्ये बसवली आणि डॉक्टर अजून तीच वापरतात. घरी जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या देऊ नका. त्यांनी आतडं फुगून फाटू शकतं.

भरती झाल्यावर शिरेतून स्टिरॉइड देतात, रोज शौचाची मोजणी होते. ती मोजणी नर्सवर सोडू नका, घरच्या माणसानं वेळेसकट लिहावी, कारण तिसऱ्या दिवशी निर्णय तिच्यावर ठरतो. साधारण तिघांतल्या एकाला शिरेतल्या स्टिरॉइडनं पुरेसा फरक पडत नाही. तिसऱ्या दिवशीही आठच्या वर शौचं होत असतील तर मोठं आतडं काढावं लागण्याची शक्यता फार वाढते. तेव्हा इन्फ्लिक्सिमॅब किंवा सायक्लोस्पोरिन देऊन पाहतात आणि सर्जनला त्याच दिवशी बोलावतात. सर्जन आलेला पाहून घाबरू नका. तो वेळेत आला, ही चांगली गोष्ट आहे. वाट पाहत दहा-बारा दिवस काढले, शरीर पार खचलं आणि मग ऑपरेशन केलं, तर जिवाचा धोका वाढतो.

ऑपरेशन

कोलायटिसमध्ये तातडीचं ऑपरेशन म्हणजे मोठं आतडं काढून लहान आतड्याचं तोंड पोटावर आणणं. तिथं पिशवी लागते. गुदाशय बहुधा तेव्हा ठेवतात आणि तब्येत सावरल्यावर काही महिन्यांनी लहान आतड्याच्या शेवटाचीच घडी घालून आत एक साठवण तयार करून ती खाली जोडतात. लंडनमध्ये पार्क्स आणि निकोल्स यांनी १९७८ मध्ये अशी साठवण पहिल्यांदा वर्णन केली. पुढं जपानी सर्जननी तिला सोपा, इंग्रजी जे अक्षरासारखा आकार दिला, म्हणून जे-पाऊच. त्यानंतर पिशवी जाते. पण पहिल्यासारखं दिवसातून एकदा होत नाही, पाच-सहा वेळा जावं लागतं, आणि साठवणीला सूज येऊन अँटिबायोटिक घ्यावं लागणं पुष्कळांना होतं. हे सगळं आधीच ऐकून घ्या.

लग्न न झालेल्या किंवा अजून मूल हवं असलेल्या मुलीच्या बाबतीत एक बोलणं वेगळं करायला हवं. ओटीपोटातल्या या दुसऱ्या ऑपरेशननं दिवस राहणं कठीण होऊ शकतं. काही जणी पिशवीसह राहतात, मूल झाल्यावर पाऊच करतात. हे बोलताना ती मुलगी समोर असली पाहिजे, नुसते वडील-काका नकोत.

क्रोन्समध्ये ऑपरेशननं आजार मुळापासून जात नाही, जोडाजवळ पुन्हा येऊ शकतो. म्हणून सर्जन शक्य तेवढं आतडं वाचवतात, अरुंद जागा कापून काढण्याऐवजी उघडून रुंदही करता येते. तरी आतडं अडत असेल, आत पू झाला असेल, तर ऑपरेशनच योग्य. नंतर औषध चालू ठेवायचं आणि बिडी-सिगारेट कायमची सोडायची. क्रोन्समध्ये ती विषासारखी आहे.

भगंदराचं ऑपरेशन एकदा झालं, पुन्हा झालं, तिसऱ्यांदा सांगताहेत, तर आधी एमआरआय आणि दुर्बीण करून घ्या. क्रोन्सचा भगंदर कापत राहिल्यानं गुदद्वाराचा स्नायू जातो, मग शौच धरवत नाही. अशा भगंदरात बहुधा एक सैल दोरा घालून पू वाहता ठेवतात आणि मूळ आजारावर औषध देतात.

पिशवी आणि ऊन

पिशवी घट्ट बसते, वास येत नाही, लुगड्याखाली किंवा शर्टाखाली दिसत नाही. जागा नीट निवडलेली असेल तर. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोटावर जागेची खूण करताना बसून, उभं राहून, वाकून दाखवा. नऊवारी कुठं बांधता, पायजम्याची नाडी कुठं येते, हे सांगा. पिशवीचं भोक कापताना ते आतड्याच्या तोंडाच्या मापाचंच हवं, मोठं राहिलं तर कातडी जळते.

वऱ्हाडात मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो. लहान आतड्याची पिशवी असलेल्याच्या शरीरातून पाणी आणि मीठ दोन्ही वाहून जातं, आणि नुसतं पाणी कितीही प्यालं तरी भागत नाही, उलट पिशवी जास्त भरते. ओआरएसची पुडी एका लिटरात कालवून घोट-घोट प्यायची. पिशवीतून दिवसाला दीड-दोन लिटरच्या वर जाऊ लागलं, लघवी कमी झाली, पायात गोळे आले तर त्याच दिवशी दवाखाना.

खाणं

पथ्याच्या नावाखाली पेशंटला उपाशी मारू नका. आजार उसळलेला असताना मऊ भात, मुगाची खिचडी, पातळ वरण, अंडं, केळं. शांत असताना ज्वारीची भाकर, वरण, शिजलेल्या भाज्या, सगळं चालतं. दुधानं पोट गुडगुडत असेल तर दही-ताक घ्या. गिला वडा किंवा शेगावची कचोरी एकदा खाल्ल्यानं आतड्याला जखम होत नाही, पण त्या दिवशी त्रास झाला तर आपलं आपल्याला कळतं. एकाच ठिकाणी मी कडक आहे. क्रोन्सनं आतडं अरुंद झालं असेल तर संत्र्याचा चोथा, कच्चे चणे, मक्याचं कणीस, ऊस चघळणं नको. संत्र्याच्या हंगामात वरूड-मोर्शीकडच्या पाहुण्याला नाही म्हणणं कठीण, पण चोथा अडकून रात्रीत आतडं बंद पडू शकतं. रस गाळून प्या.

खाण्याबाहेरच्या दोन गोष्टी. गरोदर राहायचं असेल तर आजार शांत असताना राहा. मेसालामाइन आणि अॅझाथायोप्रिन बहुतेकींना चालू ठेवतात, स्वतःहून बंद करू नका. कोलायटिस होऊन आठ वर्षं झाली की लक्षणं नसली तरी कॅन्सर शोधण्यासाठी दुर्बीण करायची, पुढची किती वर्षांनी ते तीत काय दिसलं त्यावर ठरतं.

कुठं जायचं

वलगावकडून पहिला टप्पा अमरावतीचं इर्विन किंवा डॉ. पंजाबराव देशमुख मेडिकल कॉलेज, अकोल्याकडच्यांना सर्वोपचार रुग्णालय. निदान अडलं, जैविक इंजेक्शन लागलं किंवा पाऊचचा विषय निघाला तर नागपूरचं सुपर स्पेशालिटी रुग्णालय किंवा मिहानचं एम्स, आणि त्यापुढं मुंबईत परळचं केईएम. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार बसतात. पण भरती होण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे जाऊन तुमचं ऑपरेशन यादीत आहे का ते विचारा, घरी खायच्या गोळ्यांचा खर्च तिच्यात धरू नका. गोळ्यांसाठी जनऔषधी दुकान पाहा.

पेढी नदीच्या पुलावरून जाताना दर वेळी मला गाडगेबाबांची आठवण होते. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीला नेत असताना त्यांनी इथंच वलगावजवळ देह ठेवला. परगावच्या पेशंटचे नातेवाईक दवाखान्याच्या आवारात उघड्यावर झोपतात, हे त्या माणसाला सहन होत नसे. मुंबईत जे.जे. रुग्णालयापाशी आणि दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळा आहेत. मुंबईला निघण्याआधी तिथं जागा मिळते का याची चौकशी करून ठेवा.

आणि फाईल. दुर्बिणीचे फोटो आणि रिपोर्ट, तुकडा तपासणीचा कागद आणि तुकड्याचे मेणाचे ब्लॉक जपून ठेवा, म्हणजे मोठ्या दवाखान्यात तुकडा पुन्हा काढावा लागत नाही. ब्लॉक लॅबमधून लेखी अर्ज करून मिळतात. पहिल्या पानावर एकच कागद लावा: आजाराचं नाव, कोणत्या वर्षी कळला, आतापर्यंत कोणतं औषध किती दिवस घेतलं आणि का थांबवलं, स्टिरॉइडचे किती कोर्स झाले, टीबीची तपासणी कधी झाली. माझ्या भावाच्या फाईलवरचा तो कागद मी दर दिवाळीला नव्यानं लिहून काढते.